अण्णांच्या पावलावरची जखम

त्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी उघडली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथेच राहायला गेले. जनावरांपाशी घरचे माणूस लागे, आणि घरात आम्ही दोघेच. मी आष्टीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. कॉलेज सुटले की घरी यायचे, भाकरी करायच्या आणि डबा घेऊन छावणीवर जायचे.

उन्हाळा लागता लागता एकदा टँकर आल्यावर जनावरांची रेटारेटी झाली आणि बैलाचा खूर अण्णांच्या पावलावर पडला. अंगठ्यामागे रुपयाएवढी जखम. अण्णांना साखरेचा आजार होता. गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि आठ दिवसांनी परत बोलावले. अण्णा गेले नाहीत. "घरात मास्तरीण हाय की," म्हणाले. तेव्हापासून पट्टी मी बदलू लागले.

शेजारच्या पालातले म्हातारे काका मला पाहिले की सुरू करायचे, "आल्या का डाक्टरीण बाई! आमच्या म्हशीची बी नाडी बघा जरा."

"तुमचीच बघते काका, म्हैस ठणठणीत आहे," मी म्हणायचे.

एका संध्याकाळी पट्टी सोडली तेव्हा अण्णा वाकून बघत राहिले. "बाई, हे भवतालनं लाल कावून हाय?"

मी वर्गात सांगते तसेच सांगितले. "कातडी फाटली की तिथल्या पेशी हाक मारतात, अण्णा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती ऐकून धावत येतात आणि जंतू मारतात. लाली, सूज त्यामुळेच. मग मोठ्या पेशी येतात, मेलेलं सगळं खाऊन जागा साफ करतात. आणि मग त्या पेशीच कातडीला निरोप देतात, भांडण मिटलं, आता या. तो निरोप मिळाला की कडेची कातडी आत सरकायला लागते."

"म्हंजी संस्थेच्या मीटिंगीवानी," अण्णा म्हणाले. "आदी बोंब, मागून काम."

काका पालातून ओरडले, "आपल्या मीटिंगीत नुस्ती बोंबच आस्ती. काम कवा झालतं?"

आम्ही तिघेही हसलो. थट्टेत काका जे बोलले, तेच अण्णांच्या पावलात चालले होते. साखर मुरलेल्या अंगात त्या मोठ्या पेशींना आपला निरोप बदलता येत नाही. त्या भांडत राहतात. कातडीला आत या असे कुणी सांगत नाही, म्हणून कडेच्या पेशी जागच्या जागी वाढतात, थरावर थर चढतो. हे मी फार उशिरा वाचले. तेव्हा मला जखमेभोवती जाड, पांढरट कड उठलेली दिसली आणि मी ती नवी कातडी समजले. "भरत आलीय," मी म्हणाले. अण्णा म्हणाले, दुखत तर न्हाईच. साखरेने पावलाची जाणीवच गेली होती, आणि तेही मी चांगलेच लक्षण धरले.

असे दीड-दोन महिने गेले. मग एके दिवशी अण्णांनीच विषय काढला. "काका म्हणतेत दोन दिस जनावरं बघतो. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

माझ्या पिशवीत तपासायचे पेपर होते. सकाळपासून उभे राहून पाय भरून आले होते. "लाली आहे म्हणजे पेशी काम करताहेत," मी म्हणाले. "थोडं थांबू या."

अण्णा थांबले. आठवड्यात पट्टीला वास येऊ लागला आणि पाऊल काळवंडले.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कडेवर बोट दाबून विचारले, "किती दिवस झाले?"

"आठ-धा दिस," अण्णा म्हणाले.

"ही कड आठ दिवसांची नाही, बाबा. दोन महिने अंगावर काढलेत. घरात कुणाला दाखवली नाही?"

"न्हाई सायेब. पोरगी शिकवाया जाती. दमून येती. तिला कशाला सांगायचं?"

डॉक्टर त्यांना बरेच बोलले. तुमच्यासारखी माणसं शेवटी येतात आणि मग आमच्या हातात काही उरत नाही, असे काहीसे. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. छावणी बंद होईपर्यंत जनावरे काकांनीच पाहिली. अण्णा त्यानंतर चार वर्षे कुबडी घेऊन हिंडले, आणि गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. डॉक्टरांपुढे ते का खोटे बोलले, हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्याची गरजही नव्हती. चार वर्षे आम्ही एका घरात राहिलो, एका ताटलीत शेंगा खाल्ल्या. थांबू या असे मी म्हणाले होते, ते चुकले, एवढेच मला त्यांना सांगायचे होते. रोज सांगता आले असते.