पहिल्यापासून सांग

कुंडलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नाथाजीने एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तांब्याच्या तारांची जागा फायबरने घेतली, तरी चहाच्या टपरीवर कुणी इंटरनेटचं नाव काढलं की स्वारी सुरू. ऐकणारा कंटाळून उठेपर्यंत थांबायची नाही.

त्याचं सांगणं ठरलेलं. तारेवरून माहितीचं मोठं पॅकेट तसंच्या तसं जात नसे. मोडेम त्याचे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस बाइटांचे तुकडे करायचा आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पाच बाइटांची पत्त्याची चिठ्ठी लावायचा. झाले त्रेपन्न. याला म्हणायचं सेल. शेवटचा तुकडा कमी पडला तर रिकाम्या बाइटांनी भरून काढायचा. वाट आधीच आखलेली, तिचं नाव व्हर्च्युअल सर्किट. सगळे तुकडे त्याच वाटेने, एकामागे एक, रांग न मोडता जायचे. शेवटच्यावर खूण असायची. ती दिसली की पलीकडचं यंत्र सगळे जोडून ताळा करून बघायचं. मधला एक जरी हरवला तरी अख्खं पॅकेट फेकून द्यायचं, मग पाठवणाऱ्याने ते पुन्हा पाठवायचं.

"अर्धंमुर्धं ठिवून घ्यायचं न्हाई," हे सांगताना त्याचा आवाज चढायचा, जणू तो नियम त्यानेच घातला होता.

मागच्या मार्गशीर्षात बनुबाईला, त्याच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. सांगलीच्या दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं. एक शब्द यायचा, मग ती बराच वेळ थांबायची, दुसरा यायचा, तिसरा ओठांतच विरायचा. नाथाजी खुर्ची ओढून समोर बसायचा. जीव ओतून ऐकायचा, हे कबूल केलं पाहिजे. पण शब्द हरवला की त्याचा हात वर व्हायचा.

"थांब. पहिल्यापासून सांग."

ती पुन्हा सुरू करायची. शिराळ्याला, म्हणायची. मग दम खाऊन, पंचमीला. पुढचं काही उमटायचं नाही. की याचा हात वर. दिवसातून चार-पाच वेळा, असे दोन महिने. डॉक्टरांनी बोलतं ठेवा म्हटलंय, तेच आपण करतोय, असं त्याला वाटे. तिच्या कपाळावर घाम यायचा. एका दुपारी तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि बोलणं सोडलं.

रविवारी त्यांची लेक क्रांती सांगलीहून आली. आईने हट्ट धरलाय, अशी नाथाजीने तक्रार केली. ती काय म्हणत होती, असं क्रांतीने विचारलं.

"पुरं कवाच सांगितलं न्हाई गं. शिराळा म्हणती, पंचमी म्हणती, अन् गप."

"आबा, शिराळा तिचं म्हायेर हाय. नागपंचमीला मला न्या, म्हणती ती. नऊ वर्षं झाली तिला जाऊन."

खरंच होतं. पंचमी पावसात यायची आणि पावसात तारा बिघडायच्या, रजा कुठली मिळायला? आणि निवृत्तीनंतर त्याला आठवणच राहिली नव्हती. त्याला मान वर करवेना. यंत्राला मधलं ओळखता येत नाही म्हणून ते फेकून देतं. त्याच्या गाठीशी तर सदतीस वर्षांचा संसार होता.

तो बनुबाईजवळ गेला, चुकलं म्हणाला, पंचमीला गाडी करून नेतो म्हणाला. तिने नुसतं बघितलं. दुसऱ्याच दिवशी नेलं असतं तरी चाललं असतं, पण ते त्याला तेव्हा सुचलं नाही. ज्येष्ठात ती गेली.

पंचमीला नाथाजी एकटाच शिराळ्याला गेला. धाकटा मेहुणा अर्जुना पाणी घेऊन समोर बसला. शेवटी अक्का काय म्हणत होती, असं त्याने विचारलं.

"शिराळ्याला..." नाथाजी म्हणाला. पुढचा शब्द घशातून बाहेर येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकला.

अर्जुनाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कळलं, दाजी. ऱ्हाऊ द्या."