पांढरीच्या बोनेटवरचं स्वस्तिक

काय सांगू तुम्हाला, खरं तर सांगूच नये. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा सांगतो. फक्त एक करा, मी बोलत असताना घोट घेऊ नका. मागच्या वेळी ऐकणाऱ्याला ठसका लागला आणि शर्ट माझा खराब झाला.

तर माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. सास्तूरचे, निवृत्त शाळामास्तर. निम्म्या गावाचं अक्षर त्यांनी वळवलेलं. त्यांच्याकडं एक जुनी पांढरी कार आहे. तिला ते गाडी म्हणत नाहीत, 'पांढरी' म्हणतात, गोठ्यातल्या गाईला हाक मारावी तसं. सकाळी उठलं की आधी पांढरीला फडकं, मग स्वतःची आंघोळ. सख्ख्या मुलालासुद्धा त्यांनी ती कधी चालवू दिली नाही.

आणि ही पांढरी त्यांनी माझ्या हवाली केली! झालं असं की नवरात्राच्या तोंडावर मामा आणि सासूबाई मुलाकडं पुण्याला निघाले. सास्तूरला गाडी ठेवली तर उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून त्यांनी ती तुळजापूरला माझ्या दारात आणून लावली. चावी हातात ठेवताना म्हणाले, "जावईबापू, आजवर कुणाला दिली न्हाय. तुमच्यावर भरवसा हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यानं मला माणसात धरलं ते त्या दिवशी. बायको, म्हणजे आमची मंगल, वडलांना अण्णा म्हणते. ती म्हणाली, "अण्णांनी पोरगी देताना एवढा विचार केला नव्हता."

आता भरवसा अंगात आला की माणूस काय करतो? मी तेरखेड्याला फटाके आणायला गेलो. गरज होती का? काडीची नव्हती. फटाके तुळजापुरातही मिळतात. पण पांढरीत बसलेला मी चार लोकांना दिसायला नको? येताना आरशात माझा नवा गॉगल बघत होतो. कसा दिसतो, कसा दिसतो करता करता सोयाबीनच्या ट्रॉलीला मागून धडकलो. चालत्या नव्हे हो, उभ्या! ट्रॉलीवाला बाजूला बसून भाकरी खात होता. तो घास हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला.

बोनेटच्या मधोमध परात मावेल एवढा खड्डा.

मंगल म्हणाली, फोन करा आणि सांगून मोकळे व्हा, अण्णा काय तुम्हाला खाणार नाहीत. पण मला धीर होईना. चावी परत गेली असती त्याचं काही नाही. पण "तुमच्यावर भरवसा हाय" हे वाक्य परत गेलं असतं ना! ते काही बाजारात मिळत नाही. मी ठरवलं, दसऱ्याला मामा यायच्या आत बोनेट असं करायचं की ट्रॉलीवाल्यालाही ओळखू येऊ नये.

सोलापूर रस्त्याला पाशाचं गॅरेज आहे. पाशा माझा शाळेतला दोस्त. रंगकामात हात चांगला, आणि तोंड हाताहून जोरात. त्यानं खड्डा बाहेर काढला, पुट्टी भरली, घासली. पण पुट्टीवर बारीक ओरखडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. साधा प्रायमर मारला तर ती रंगातून दिसतात. त्याला लागतो हाय-बिल्ड प्रायमर, म्हणजे जाड थराचा. तो सगळे खळगे भरून काढतो, वाळला की पाणी लावून घासायचा, वर रंग मारायचा, की बोनेट काचेसारखं.

खळगे भरून काढतो! हे ऐकलं आणि मला वाटलं, हा प्रायमर देवीनं खास माझ्यासाठीच धाडलाय. घरी येऊन मोबाईलवर हाय-बिल्डचे जेवढे व्हिडिओ होते तेवढे बघितले. जेवताना हाय-बिल्ड, चहाला हाय-बिल्ड. ऑफिसात भिंतीचा पोपडा उडालेला दिसला, तर साहेबांना म्हणालो, इथं हाय-बिल्ड पाहिजे होता. साहेबांनी मला लवकर घरी जायला सांगितलं.

आता हा प्रायमर दोन तऱ्हेचा असतो. एकात हार्डनर मिसळतात, तो दगडासारखा घट्ट बसतो, पण त्याला नीट मुरू द्यावं लागतं. दुसरा तयारच येतो, पटकन वाळतो, घासायला हलका, पण अंगानं जरा भुसभुशीत. पाशा म्हणत होता हार्डनरचा घेऊ. मी म्हणालो, तयार घे. का? कारण मला घाई. पण घाई आहे असं कोण कबूल करतं? मी त्याला व्हिडिओतलं सगळं शास्त्र ऐकवलं. थर किती, वारा किती, ऊन किती. बोलण्यात पाशाला हरवणारा मी पहिलाच. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं बाबा, तुझी गाडी, तुझी मर्जी. पन एक ध्यानात ठेव, ह्या प्रायमरला बोट लावू नको. हा टीपकागद हाय. जे लागंल ते पिऊन बसतो."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

खंडेनवमीच्या सकाळी पांढरी गॅरेजात उभी होती. पांढरा प्रायमर मारून, वाळवून, घासून तयार. रंग संध्याकाळी द्यायचा. पाशा घरी जेवायला गेलेला. आणि इकडं घरी मला मामांचा व्हिडिओ कॉल आला.

"पांढरीची पूजा झाली का?"

बघा, आपल्याकडं खंडेनवमीला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. मामांनी एकही खंडेनवमी पांढरीच्या पूजेशिवाय जाऊ दिली नव्हती. आता करतोच म्हणालो, तर म्हणाले करा, मी बघतो. रेंज जातेय म्हणून मी फोन कापला, मंगलला स्कूटरवर मागं बसवलं, तिच्या हातात पूजेचं ताट, आणि गॅरेज गाठून परत कॉल लावला.

मंगलला सांगितलं, मोबाईल अगदी जवळ धर, बोनेट सोडून काही दिसू देऊ नकोस. मामा म्हणाले, बोनेट असं मळकट का दिसतंय? मी म्हणालो, ढग आलेत. वर लख्ख ऊन. मी हळूच कोरडं कुंकू वाहिलं, म्हटलं झटकून टाकू. तर मास्तरच ते, चूक कुठली सोडतात!

"कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं. तेलात कालवा आन् चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढा."

समोर सासरा, खाली टीपकागद. तुम्ही काय केलं असतं? मी कालवलं तेलात.

आणि तुम्हाला सांगतो, स्वस्तिक मला लहानपणापासून येत नाही. पाय कुठल्या बाजूला वळवायचे तिथं गोंधळ होतो. घाम पुसत पुसत काढलं, तर चारही पाय उलटे. मामा फोनमधून म्हणाले, "अहो, उलटं झालं. एक पाय तरी सुलटा करा." मी शेवटच्या पायाला दुसऱ्या बाजूनं एक फाटा काढला. आता तीन पाय उलटे आणि एक दोन्हीकडं पसरलेला, कोंबडीच्या पंजासारखा. मंगलचा हात हसून हलायला लागला, म्हणून कॉल आटोपता घेतला.

मग पुसायला लागलो. फडक्यानं पुसलं, साबणाच्या पाण्यानं पुसलं, कागदानं घासलं. लाल गेलं, गुलाबी राहिलं. अजून घासलं. डोळे किलकिले केले तर दिसत नव्हतं. मी पाशा येईपर्यंत डोळे किलकिले करूनच बसलो. आणि पाशाला सांगितलं का? छे. बोट लावू नको म्हणाला होता, मी तर पूर्ण पूजा घातली होती.

संध्याकाळी पाशानं रंग मारला. काय रंग बसला म्हणता! पांढरीला नवीन लग्न झाल्यासारखं रूप आलं.

दसऱ्याला पहाटे देवीचं सीमोल्लंघन झालं, देवी रीतीप्रमाणं पौर्णिमेपर्यंत निद्रेला गेली, आणि दुपारी मामा-सासूबाई एसटीनं उतरले. दारात पांढरी, गळ्यात झेंडूची माळ. मामांनी बोनेटवरून हात फिरवला. ते म्हणाले, "पांढरी उजळली की. लई नीट सांभाळलीत." मला रडू यायचं बाकी होतं. आम्ही आत गेलो आणि मी पुरणपोळीवर असा तुटून पडलो, जणू खटल्यातून सुटलोय.

इकडं पांढरी उन्हात. बोनेट तापलं. आणि तापलेल्या बोनेटवर हळूहळू, रंगाच्या आतून, गुलाबी स्वस्तिक वर आलं!

पहिल्यांदा बघितलं शेजारच्या कमलकाकूंनी. त्या तिथंच हात जोडून उभ्या राहिल्या. आम्ही हातही न धुता बाहेर. कुणी पुसून बघितलं, पुसेना. नखानं खरवडून बघितलं, निघेना. रंगाच्या आत होतं ना ते! काकू म्हणाल्या, देवीनं दर्शन दिलं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

आता खरं सांगायची वेळ हीच होती की नाही? होती. आणि मी काय केलं? दोन्ही हात वर करून सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, "आई राजा उदे उदे!"

झालं. गल्ली जमली. दर्शनाला आलेले भाविक रस्ता चुकून आमच्या गल्लीत वळले. बोनेटवर हळद-कुंकू, नारळ, कुणी तर ओटी भरली. पाशा पळत आला. मला वाटलं, हा आता मला फाडून खाणार. तर तो बोनेटकडं बघून गहिवरला, आणि येईल त्याला सांगायला लागला की हे माझ्या गॅरेजचं काम, रंग माझा, हात माझा. मंगल पदर तोंडात कोंबून आत पळाली.

एकटे मामा हात न जोडता उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाकून स्वस्तिक नीट बघितलं. एक-एक पाय बघितला. मग मला म्हणाले, "चला जावईबापू, सास्तूरला सोडा आम्हाला. तुम्हीच चालवा."

मी चालवायला, मामा शेजारी, सासूबाई मागं मांडीवर नारळांचा ढीग घेऊन. नळदुर्गच्या रस्त्याला लागलो, सासूबाईंना डुलकी लागली, तेव्हा मामांनी तोंड उघडलं.

"सीमोल्लंघन करून देवी पहाटेच निजली न्हवं? आता पौर्णिमेलाच उठणार?"

"व्हय, मामा."

"मग दुपारी उठून माझ्या बोनेटवर आली म्हणायची."

समोर एक ट्रॉली होती, तिच्यापासून फार लांब राहिलो.

"बरं, आली तर आली," मामा म्हणाले. "पन देवीला स्वस्तिक सुलटं काढता येत नसंल, हे माझ्या मनाला पटत न्हाय. आन् तो कोंबडीचा पंजा मी काल फोनवर बघितलाय."

गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. गॉगल, ट्रॉली, प्रायमर, सगळं. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पत्रा हाय, चेपायचाच. फोन करायचा होता राव. एवढ्यासाठी मला भ्यालात?" त्या 'राव'नं मला जे वाटलं ते मी इथं सांगत नाही, डोळ्यांत पाणी येतं.

नंतर खरं कळल्यावर पाशा फुकट रंग मारून देतो म्हणाला, पण मामांनी ते स्वस्तिक काढू दिलं नाही. सास्तूरला अजून तसंच आहे. कुणी हात जोडले तर मामा शांतपणे सांगतात, देवीचं न्हाय, आमच्या जावयाचं हाय.

आणि चावी? चावी मामा आजही द्यायला तयार आहेत, मागेन तेव्हा. अट एकच. आधी त्यांच्यासमोर बसून पाटीवर स्वस्तिक सुलटं काढून दाखवायचं.

परवाच सास्तूरला गेलो होतो. एसटीनं गेलो, एसटीनंच आलो.