सोनं मोडायला गेलो तो दिवस

नोटाबंदीत आबा, म्हणजे माझे वडील, बँकेच्या रांगेत उभे राहिले ते उभेच राहिले, आणि तेव्हापासून त्यांचा नोटेवरचा विश्वास उडाला. आठवडी बाजारात भाजी विकायचे. चार पैसे साठले की गंगाखेडच्या सराफाकडून एक वेढणं घ्यायचे. वेढणं म्हणजे बिननक्षीची साधी सोन्याची अंगठी. "नोट रद्द व्हती. सोनं रद्द व्हतं का?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. अशी पाच वेढणी जमली होती.

बारावीनंतर परभणीत नर्सिंगला माझा नंबर लागला. फी भरायची शेवटची तारीख उजाडली तरी आबा निवांत. मी आठ दिवस मागे लागले होते, आधीच मोडून ठेवा म्हणून. "सोनं कुठंबी चालतंय," एवढंच म्हणायचे. आपलं ते खरं. पाच वाजेपर्यंत भरायची होती.

अकराला परभणीत उतरलो. पाच वेढणी आबांच्या कंबरेला, आणि रिक्षाला द्यायला खिशात सुट्टे नाहीत. मीच दिले.

पहिल्या सराफानं वेढणी दगडावर घासली, काट्यावर ठेवली. पाचही घेतो म्हणाला, थोडी घट धरून. "एवढी नगदी देता येत नाही, पोरीच्या खात्यावर आत्ता टाकतो." माझं स्कॉलरशिपचं खातं होतं. पाच मिनिटांचं काम.

आबांचा पारा चढला. "चोख सोन्यात घट कशाची? आन बँकेत कामून?" वेढणी उचलून ते पायरी उतरले. मी तोंड शिवून मागे निघाले. मलाही तो सराफ लबाडच वाटला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दुकानात पावती मागितली. आमच्याकडं गंगाखेडच्या सराफाची नुसती चिठ्ठी, तीही पुसट. तिसऱ्याचा मालक जेवायला गेलेला. तासभर बाकावर बसलो. माझा पाय एकसारखा हलत होता. "पाय हलवू नगंस," आबा म्हणाले. मी मुद्दाम आणखी हलवला. मालक आला आणि म्हणाला, नगदी पाहिजे तर एकच वेढणं घेतो.

एवढं ऐकून आबांना रस्ता सापडला. एका दुकानात एक वेढणं. पाच दुकानं, पाच वेळा घासणं, पाच वेळा आधार कार्डाची झेरॉक्स, आणि घट प्रत्येकानं धरली, पहिल्यापेक्षा जास्तच. आबा आता हुज्जत घालत नव्हते. देतील ते घेत होते. मी दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघायचे. एका ठिकाणी झेरॉक्सवाल्याकडची लाइट गेली, तेव्हा मला रस्त्यातच रडू आलं. आबांनी बघितलं आणि झपाझप पुढं चालायला लागले.

कॉलेजात पोचलो तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. क्लार्क टेबल आवरत होता. आबांनी रुमालातल्या नोटा त्याच्यापुढं ठेवल्या. "साहेब, पुरे हायत. मोजून घ्या."

"काका, पाचला ऑनलाइन बंद झालं. माझ्या हातात आता काही नाही. उद्या हा नंबर पुढच्या पोरीला जाईल." त्यानं नोटा हळूच आबांकडं सरकवल्या. माणूस वाईट नव्हता. पाण्याची बाटली पण दिली.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. वर्ष वाया गेलं, मग दुसरं वर्ष आईच्या आजारपणात गेलं, आणि मग स्थळं यायला लागली. आता मी एका मेडिकलच्या दुकानात गोळ्या मोजून देते. सुई टोचायचं काम माझं नाही.

फी राहिली त्याच्या पुढच्याच बाजाराला आबांनी त्या पैशाची परत वेढणीच घेतली. मी आईजवळ आदळआपट केली, आबांना तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. पाच मोडली होती, चारच आली. राग आबांचा येतोच, पण जास्त माझा मला येतो. पहिल्या दुकानाच्या पायरीवर "आबा, देऊन टाका" एवढंच म्हणायचं होतं.

लग्नात त्यांनी ती चारही वेढणी माझ्या बोटांत घातली. बायका म्हणाल्या, बापानं लेकीचं लय केलं. आबा माझ्याकडं बघत नव्हते. बोटांतलं ते सोनं म्हणजे माझं नर्सिंग होतं, हे त्या मांडवात आम्हा दोघांनाच माहीत होतं.