पिल्लाच्या मागे होडी

चाकणच्या प्रेसशॉपमध्ये सिद्धेश आठ वर्षं पत्रे दाबत होता आणि आठही वर्षं कंत्राटीच होता. मागून आलेली दोन पोरं कायम झाली, ह्याचं नाव काही यादीत चढेना. नाव चढवणं सुपरवायझर साहेबरावच्या हातात. चऱ्होलीचा हा गृहस्थ हसला तरी समोरच्याचं काम वाढायचं.

त्याला कंपनीच्या यंदाच्या मालवण सहलीत डॉल्फिन बघायचे होते. "सिद्ध्या, तू मालवणचा ना? बापाची होडी हाय ना? डॉल्फिन दाव, तुझं कायमचं बघतो. न्हाई दावलास तर तुझं तू बघ!"

गरजवंताला अक्कल नसते. सिद्धेश हो म्हणाला.

मालवणात होडीत सहलीचे बाराजण बसले, सुकाणूवर सिद्धेशचे वडील. किल्ल्याचं बेट मागे पडलं, तास कोरडा गेला. "तासाला किती निघत्यात रे?" साहेबरावने विचारलं, मशीनवर विचारायचा तसंच. शेवटी पाण्यावर पाठी दिसल्या. एक मोठी, तिला चिकटून एक पिल्लू. वडिलांनी लगेच इंजिन बंद केलं.

"पिल्लू आसा तिच्यावांगडा," ते म्हणाले. लेकुरवाळीच्या मागे होडी घालायची नाही, लांब थांबायचं, ही त्यांच्या वाडीची रीत.

"आरं, चालली ना ती! घाल मागं!" साहेबराव मोबाईल उगारून ओरडला. मग सिद्धेशच्या कानाशी म्हणाला, "यादी सोमवारी जाती."

"बाबा, बाजूक व्हा," म्हणत सिद्धेशने बापाला चक्क ढकललं आणि इंजिन चालू केलं. मादी वळली की तो वळायचा. होडी थेट माय-लेकरांच्या मधे घुसली. पोरं शिट्ट्या मारत होती. पिल्लू एकटंच दोनदा वर आलं, मग दिसलंच नाही. मादी तिथेच गोल गोल फिरत राहिली. साहेबरावला झकास व्हिडिओ मिळाला. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

आणि सिद्धेश कायम झाला. शब्द पाळण्याइतका साहेबराव प्रामाणिक होता, मेला!

पत्र हातात पडताच सिद्धेशने कंपनीच्या गेटवरूनच घरी फोन लावला. "बाबा, मी कायम झालंय!"

वडील म्हणाले, "बरा झाला. त्या लोकांका सांग, माझी होडी परत मेळाची नाय."

"सांगतंय. मी दिवाळीक येतंय, मगे..."

"येव नको," वडील म्हणाले. "तूय त्यातलोच."