गळतीखालचे चेहरे

आमच्या पिंगळीचे चित्रकलेचे सर माणसांची मातीची मुंडकी घडवत आणि घडून झाली की त्यांच्यावर गळती टांगत. महादेवाच्या पिंडीवर असते तशीच, बुडाला भोक पाडलेलं मडकं. मुंडकं कच्चंच असे. महिनाभरात आधी नाक जाई, मग ओठ, मग कुणाचं होतं तेच ओळखू येईनासं होई. उरलेल्या चिखलातून सर पुढचा माणूस काढत. त्यांच्या पडवीवरून जाताना भली भली माणसं मान खाली घालत.

चेहरा ते डोळे मिटून, बोटांनी चाचपून घेत. "डोळे फसवतेत पोरी, बोटं न्हाई," म्हणत. मी त्यांची विद्यार्थिनी, शिवाय भोचक. भाजत का नाही, असं मी विचारलं. "भाजलं की ते थांबलं. माणूस कुटं थांबतंय?"

माझी माय शाळेत खिचडी शिजवायची. "बाई, मीठ कमी पडलं," असं सर तिला रोज सांगत आणि रोज दोनदा घेत. त्यांनी तिचं मुंडकं घडवलं आणि आठवड्यात माय तापानं गेली. घरात तिचा धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा काळपट चेहरा तिचा आहे, हे शेजारचं नाव वाचून कळे. आणि इकडे पडवीत तिच्या भुवईवर थेंब पडत होता.

"सर, तेवढी एक गळती काढा," मी हात जोडले.

"काढली तर माती ऱ्हाईल. तुजी माय न्हाई ऱ्हायची."

मला त्यांचा भयंकर राग आला. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी मुंडकं गोणपाटात गुंडाळून वीटभट्टीवर नेलं. भाजायची वस्तू आतून पोकळ करून नीट वाळवावी लागते, हे सरांनीच वर्गात शिकवलं होतं. घाईत मी विसरले. भट्टीत माय फुटली.

खापरं घेऊन गेले, तर सर रागावले नाहीत. "आत ओल होती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा घडवायला बसले. रोज घडवत, रोज मोडत. चेहरा यायचा, पण तो कुणाचाच नसायचा. सरांना विसर पडू लागला होता, हे तेव्हा कळलं. पुढं नावं गेली, बाजारातून घरी यायची वाट गेली. एकदा स्वतःच्या दारावरची पाटी वाचून त्यांनी मलाच विचारलं, "हे कोन ऱ्हातेत इथं?"

नोकरीसाठी मी परभणीला गेले. बऱ्याच वर्षांनी भेटले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. नुसता हात पुढं केला. बोटं माझ्या भुवईवरून हनुवटीपर्यंत उतरली आणि थबकली.

"बाई, आज बी मीठ कमी पडलं."

त्यांनी तिथंच माती ओढली. दिवस कलायच्या आत समोर माय होती, डाव्या भुवईच्या बाकासकट. मी ढसाढसा रडले. तो बाक माझ्याही भुवईला आहे.

पंधरवड्यात सर गेले. शेजाऱ्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आता मला पोकळ करता येत होतं, वाळवता येत होतं, भाजताही आलं असतं. सरांनी मायवर टांगलेलं मडकं खाली उतरवून मी त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ बसले. मग पाणी भरलं आणि पुन्हा टांगलं.

दर रविवारी पिंगळीला जाऊन मडकं भरते. आधी डोळे मिटून तो चेहरा बोटांनी पाहते. गेल्या रविवारी बोटांना नाक लागलं नाही. परतीच्या गाडीत मी सारखी माझ्या नाकाला हात लावून बघत होते.