कासवाचा चौथरा

चिंचवडच्या आमच्या कामगार कॉलनीतल्या बागेत पावसाचं पाणी तुंबायचं आणि तळमजल्यावरच्या आमच्या खोल्यांत शिरायचं. म्हणून वडील आणि शेजारच्या वेल्डर-फिटर मंडळींनी कारखान्याच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्ट्या घालवून भंगार पत्र्याचं मोठं कासव बनवलं आणि बागेत जमिनीलगत बसवलं. त्याच्या उघड्या तोंडातून पाणी आत जायचं आणि पोटाखालच्या दगडगोट्यांच्या खड्ड्यात जिरायचं. एक पावसाळा आमचं घर कोरडं राहिलं.

मग कुणीतरी कासवाला हळदकुंकू वाहिलं. झालं! त्याचा देव झाला. कॉलनीचे अध्यक्ष राहायचे दुसऱ्या मजल्यावर. ते बैठकीत म्हणाले, "देवाच्या तोंडात गटाराचं पाणी? शोभतं का राव?" सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला म्हणे पाण्याचा विटाळ! वडील ओरडत राहिले, तर त्यांनाच नास्तिक ठरवलं. खड्डा बुजवून वर कमरेएवढा चौथरा बांधला आणि कासव त्यावर चढवलं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही गुडघाभर पाण्यात भांडी शोधत होतो. अध्यक्षांनी वरच्या गॅलरीतून बागेकडे बघून हात जोडले आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "बघा, देवाला पाणी शिवलंसुद्धा नाही!"