अक्काच्या पिशवीतलं काळं बटण

मंडळी, आज लेकीला संभाव्यतेची गणितं शिकवायला बसले आणि अक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची, फार आठवण आली.

नव्वदच्या दशकात, माझ्या दहावीला, तीच मला ही गणितं शिकवायची. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, चिकपेटेच्या बाजारात बटणांचं दुकान होतं. तिथली पाच लाल आणि पाच काळी बटणं तिने एका पिशवीत घातली होती. जेवणं झाली की ती न बघता एक बटण काढायची. लाल निघालं तर भांडी मी घासायची, काळं निघालं तर तिने.

वहीत उत्तर निम्मं यायचं. पिशवीतून मात्र रोज काळंच! "अक्का, तुझं नशीबच फुटकं गं," मी म्हणायचे. "सरी, बरं बाई, तू अजून स्वल्प गणितं सोडव," असं कानडी मिसळून म्हणत ती हसत उठायची.

आज तीच पिशवी मी लेकीपुढे धरली. हात घालताच ती म्हणाली, "आई, यात काय मजा? काळी बटणं जाड आहेत. हाताला लगेच कळतात."

अक्काला जाऊन तीन वर्षं झाली. आज भांडी घासताना नळ नुसताच वाहत राहिला.

तुमच्यासाठी असं रोज मुद्दाम कोण हरायचं?